घोट्याखाली काही नाही

संग्रहालयात काचेखाली नदीकाठच्या एका प्राचीन गावातला सांगाडा ठेवला होता. त्याला घोट्याखाली पाय नव्हते. मेलेल्यानं घर सोडून जाऊ नये, म्हणून पुरताना पाय तोडत, असं म्हणतात. पुढे नदी आटली आणि गाव ओस पडलं, असं शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं.

“काय अडाणी लोक!” शेजारी उभे असलेले गृहस्थ मला म्हणाले. “आमचाही बंगला नदीकाठीच आहे. सांडपाणी सरळ नदीत सोडलंय, कटकट नाही. आता सात पिढ्या हलायला नको.”

मला किळस आली. त्या गावानंही असंच ठरवलं असेल. पाय मेलेल्यांचे तोडले आणि नदी आटल्यावर पळाले मात्र जिवंत. ही नदी नासली की सगळ्यांत आधी हेच पळणार.

मी गृहस्थांच्या चकचकीत बुटांकडे पाहिलं. पाय चांगले शाबूत होते.