मी चालले हं!

आमची लेक पाच वर्षांची असताना 'नाही' या एकाच शब्दावर जगत होती. भात खा, नाही. केस विंचरू दे, नाही लाह! हे 'लाह' इथल्या बोलीचं, वाक्याच्या शेवटी लावायचं शेपूट. त्यात सासूबाई पुण्याहून आमच्याकडे सिंगापूरला, बुकित पंजांगच्या घरी राहायला आलेल्या. त्यांचं मत ठाम: पाठीत एक धपाटा घातला की पोर सुतासारखी सरळ होते. माझं त्याहून ठाम: या घरात पोरीवर कुणी हात उचलायचा नाही. यावरून आमची रोज धुसफूस, आणि नवरा बिचारा कधी इकडे मान डोलवी, कधी तिकडे.

एका रविवारी लिटिल इंडियातून अळूची पानं घेऊन आम्ही तिघी परतत होतो. शेवटचा टप्पा एलआरटीचा, म्हणजे वस्तीत फिरणाऱ्या छोट्या रेल्वेचा. या गाडीला ड्रायव्हर नसतो, त्यामुळे पुढची काच पोरांची. आमची बाई काचेला नाक लावून गाडी चालवत होती. तेवढ्यात आमचं स्टेशन आलं.

"चल गं."

"नाही."

"चल म्हणते ना!"

"आय ॲम ड्रायव्हिंग, लाह!"

सासूबाईंनी माझ्याकडे असं काही पाहिलं की माझं डोकंच फिरलं. मग मी तेच केलं जे आपल्याकडची प्रत्येक आई करते. "बस मग इथेच. मी चालले हं!" म्हणत पिशव्या उचलल्या आणि तरातरा उतरले. पुण्यात हे हुकमी अस्त्र. मंडईत चार पावलं पुढे गेलं की मागून भोकाड, आणि पोर धावत येऊन ओढणीला लटकलेली. इथे मागून आला तो फक्त दाराचा टिंग-टिंग आवाज. दार बंद! आत सासू, आत पोर, बाहेर मी आणि अळू. "अहो, थांबा थांबा!" मी ओरडले. कुणाला? गाडीत चालवणारं माणूसच नाही!

गाडी गोल फेरी मारून परत इथेच येते, हे मला ठाऊक होतं. पोर हरवणार नव्हती. पण सासूबाईंना आयती संधी मिळाली होती आणि अडवायला मी नव्हते. आता ती मार खाणार, आणि तोही माझ्यामुळे! आणि तरी मेलं हसू आवरेना. मी एकटीच फिदीफिदी हसतेय म्हटल्यावर शेजारचे चिनी आजोबा हळूच लांब सरकले.

गाडी आली. सासूबाई पुढच्या काचेशी, मांडीवर लेक, दोघी खिदळतायत.

"उतरा!" मी म्हणाले.

"आम्ही नाही उतरत जा," सासूबाई म्हणाल्या. "तूच आत ये. अजून एक फेरी!"

चढले पिशव्या घेऊन. लेक पुन्हा गाडी चालवण्यात गुंगली, तशी मी हळूच विचारलं, "आई, मारलंत का हो तिला?"

"मारणार होते," त्या म्हणाल्या. "दार लागलं आणि मी घाबरलेच गं. ना इथली भाषा येते, ना कुठे उतरायचं ठाऊक. असा संताप आला, हात उचललासुद्धा. तर ही तोच हात धरून म्हणते कशी, 'आजी, डोन्ट स्केअर्ड लाह. मी आहे ना.'"

डोळे पुसायला त्यांनी दुसरा हात वापरला, कारण पहिला अजून लेकीच्या मुठीत होता.