जिऱ्याचं चीज आणि काकूंची संकष्टी

मी पत्रकं लिहिते. भाडेकरूंचे हक्क, विद्यार्थ्यांचे कामाचे तास, बेसमेंटमधली बुरशी. पहिली ओळ अशी हवी की माणसाने बसमध्ये चढता चढता वाचावी. पुण्यात कॉलेजात लागलेली ही सवय इथे लंडनमध्ये, म्हणजे कॅनडात ऑन्टॅरिओतल्या, सुटली नाही. आता तिचा कंटाळा आलाय. का, ते सांगते.

इथलं कॉलेज सांभाळून मी एका डच चीजच्या दुकानात काम करायचे. स्टेअरिंगएवढी गोल चीजं फळ्यांवर मांडलेली असत. ती तारेने कापायची, कागदात गुंडाळायची, लेबल लावायचं. त्यांतलं एक जिऱ्याचं. गाईचं दूध, मीठ आणि अख्खं जिरं. कडेचे वेडेवाकडे तुकडे मालक घरी न्यायला द्यायचा. ते मी वर काकूंना द्यायचे. त्यांच्याच बेसमेंटमध्ये मी भाड्याने राहत होते.

काकू नागपूरच्या. काकांची बायपास झाली तेव्हा वर्षभर संकष्टी करीन असं त्या देवाला बोलल्या होत्या. इथल्या विंटरमध्ये चंद्र कसला दिसतोय! फोनवर चंद्रोदयाची वेळ बघून उपास सोडायच्या.

"हे उपासाला चालेल का गं?"

"दूधच तर आहे, काकू."

"जिरं चालतं आमच्याकडे. धने नाही चालत." तुकडा तोंडात टाकून म्हणाल्या, "या डच लोकांना उपास कळतो हं!"

मग प्रत्येक संकष्टीला दुपारी दोन तुकडे ठरलेले.

फेब्रुवारीत एका गिऱ्हाइकाने विचारलं, हे व्हेजिटेरियन आहे का? मी बेधडक हो म्हणाले. मागून मालक म्हणाला, नाही. दूध घट्ट करायला रेनेट लागतं, आणि आमचं जुन्या पद्धतीचं, कापलेल्या वासराच्या पोटातलं. लेबलवर तो शब्द होता. इंग्रजीत होता, फ्रेंचमध्ये होता. रोज मीच चिकटवत होते. मला वाटलं होतं, रेनेट म्हणजे यांचं विरजण.

डोकं फिरलं माझं. लोक काय खातात ते त्यांना समजेल अशा भाषेत का लिहीत नाही कुणी? परतताना बसमध्येच पत्रक लिहिलं. पहिली ओळ: "तुमच्या उपासाच्या ताटात वासरू आहे का?"

काकूंना आधी सांगायचं होतं, खरंच. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करताना त्या भेटल्याही. पण काकांच्या गोळ्यांचं बोलत होत्या, आणि मी मान डोलवत राहिले. शंभर जणांना सांगणं मला एकाला सांगण्यापेक्षा कायम सोपं गेलंय.

महाशिवरात्रीला इथल्या मराठी मंडळाचा उपासाचा पॉटलक होता, प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा. मी टेबलाच्या कडेला पत्रकांचा गठ्ठा ठेवला. काकू जरा उशिरा आल्या, हातात चीजच्या तुकड्यांचा ट्रे. आदल्या आठवड्यात मीच दिलेलं. एका हाताने ट्रे धरून त्यांनी पत्रक वाचलं. शेवटपर्यंत. शेजारच्या बाई म्हणाल्या, "अहो, हे तुम्ही आणता तेच ना?"

काकूंनी ट्रेवर पुन्हा फॉइल लावली. कोट घालताना मला गाठलं.

"तुला कधी कळलं?"

"मंगळवारी."

"छापून कधी आणलंस?"

"बुधवारी."

"तेरा पायऱ्या आहेत गं मधे. तेवढ्या चढून आली असतीस."

मी म्हणाले, तुमची चूक नाही, लेबलची आहे, दुकानाची आहे. त्या म्हणाल्या, "पत्रक वाचलंय मी."

नंतर दुकानात मालकाने मोठी पाटी लावली: वासराचं रेनेट, स्पष्ट शब्दांत. मंडळाच्या ग्रुपवर सगळ्यांनी माझं कौतुक केलं. काकूंच्या आठ संकष्ट्या झाल्या होत्या. त्यांनी त्या धरल्याच नाहीत, पुन्हा पहिल्यापासून. काकांनी समजावलं, अगं, नकळत झालं, देवाला कळतं. ऐकेनात.

नव्या पहिल्या संकष्टीला मी वर गेले. माफी जुळवून नेली होती, पत्रकासारखीच. काकू टेबलाशी बसून बटाटे सोलत होत्या. दिवसभराच्या उपासाने चेहरा उतरलेला.

"काही बोलू नकोस," म्हणाल्या. "दमलेय मी. बस."

मी बसले. सोफ्यावरून काका म्हणाले, "म्हणजे मला आता अजून वर्षभर टिकायला हवं."

काकू हसल्या नाहीत. सोलत राहिल्या.