लिफ्टसमोरची वसाहत

तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला आणि प्रवाळाचा जीवाश्म फक्त पुस्तकातल्या काळपट चित्रात दाखवला. नाशिकला दुसरं काय दाखवणार? इथे जिकडे तिकडे लाव्ह्याचा काळा दगड. त्यात साधा शिंपलासुद्धा सापडायचा नाही. आणि मी निवृत्त झाल्यावर आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत राजस्थानचा पिवळा दगड बसवला, तर नेमकं लिफ्टसमोरच्या फरशीत प्रवाळ! एकाला एक चिकटलेली नखाएवढी फुलं, हातभर पसरलेली. मी भर दुपारी तिथेच मांडी घालून बसले. वॉचमनने घरी फोन केला, बाई पडल्यात म्हणून.

अध्यक्षांना मात्र ते डाग दिसले. ठेकेदार सोमवारी फरशी काढून नवी बसवणार होता. मी मीटिंगमध्ये उभी राहिले. "अहो, हे डाग नाहीत. ही प्रवाळांची वसाहत आहे. शेकडो जीव भिंतीला भिंत लावून राहायचे यात."

इथे माझं चुकलं. आमच्या नोटीस बोर्डावर वर्षभर एक पत्रक लटकतंय: 'वाळवीची वसाहत मुळासकट नष्ट करा.' तळमजल्यावरच्या वहिनींचं लग्नातलं कपाट वाळवीनेच खाल्लेलं. त्या किंचाळल्याच. मग माझा उष्ण समुद्र आणि माझी कोट्यवधी वर्षं कोण ऐकतंय?

"इतकी वर्षं आहेत, आणि तुम्ही आत्ता सांगताय?" अध्यक्ष म्हणाले. असा संताप आला!

दुसऱ्या दिवशी पेस्ट कंट्रोलचे काका आले, विंचूरकडचे. गुडघे टेकून, बॅटरी मारून, फरशी ठोकून बघितली. "मॅडम, हे हाय तरी काय?"

मी सगळं सांगितलं. एकेक फूल म्हणजे एकेका जिवाची खोली, जुने मेले की त्यांच्या घरावरच नवे घर बांधायचे. काका मन लावून ऐकत होते. असा विद्यार्थी मला उभ्या नोकरीत मिळाला नाही.

"मंग फरशी काढली तर हे तुटंल?"

"तुकडे होतील हो," म्हणत मी त्या फुलांवर तळवा ठेवला.

काकांनी माझ्याकडे बघितलं, पेन काढलं आणि अहवालात लिहिलं, 'कीटक समुद्रातले. सर्व मेलेले. औषध नको. फरशी हलवू नये.' खाली शिक्का मारला.

का हलवू नये, हे कुणीही विचारलं नाही. अध्यक्षांनी ठेकेदाराला परत पाठवलं. संध्याकाळी लिफ्टपाशी मला गाठून ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, फरशी हलवली नाही, तर ते बाहेर येणार नाहीत ना?"

चुकीच्या उत्तराचे मार्क कापण्यात माझा जन्म गेला.

"नाही हलवली, तर नाही येणार," मी म्हणाले, आणि दार लावून घेईपर्यंत हसू दाबून धरलं.