पाय उगवतीला

नळदुर्गाजवळच्या त्या वस्तीत ख्रिस्ती घरं अकरा. शाळेत खिचडी शिजवून पोट भरणारी लक्ष्मम्मा चाळीस वर्षं ईस्टरच्या आदल्या दिवशी सगळ्या कबरींना चुना द्यायची. सकाळी मंडळी तिथंच गायला जमायची, तोंडं उगवतीला. मेलेल्यांचे पायही उगवतीलाच. प्रभू येईल तेव्हा उठून उभं राहिलं की समोर तोच दिसावा.

यंदा चुन्याच्या आधी खुंट्या आल्या, लाल चिंध्या बांधलेल्या. हायवे रुंद होणार होता. दफनभूमीला माळावर दुसरी जागा मिळाली. सोमवारी लक्ष्मम्माच्या नवऱ्याला, बंडप्पाला, बाहेर काढलं. एका धोतरात मावला. ते गाठोडं मांडीवर घेऊन ती ट्रॅक्टरमधून माळावर आली.

खड्डा खणून बिभीषण कडेला उभा होता. तिनं एकदा सूर्याकडं बघितलं, एकदा खड्ड्याकडं.

"बिभीषणा, हा आडवा झाला रं."

"आडवाच अस्तोय, आजी. जल्मभर मुसलमानांच्या कबरस्तानात खांदलेत म्या. उत्तर-दक्षिणच."

"आमचे पाय उगवतीला अस्तात. फिरव."

कंत्राटदाराचा माणूस घड्याळ बघत होता. "बाराला तिकडं मशीन लागणार. अजून नऊ जण काढायचेत. मेलेल्याला कसली दिशा, मावशी?"

"मेलेल्याला न्हाय. उठणाऱ्याला."

बिभीषण हसला. "वीस वर्षं झाली, एकबी उठलेला बघितला न्हाय."

"म्या तरी कुठं बघितलाय? म्हणून तर आस धरायची. दिसल्यावर काय धरायचं?"

गाठोडं खाली ठेवून तिनं कुदळ उचलली. तीन घावांत दम लागला.

"सरा तिकडं, खड्ड्यात पडचाल," म्हणत बिभीषणनं कुदळ घेतली आणि उगवतीच्या अंगाला माती ओढू लागला. गवताखाली कुदळ लाकडावर खट्कन वाजली.

खुंटी होती. लाल चिंधी, नवीकोरी.

वारा पडलेला. कंत्राटदाराचा माणूस भलतीकडंच बघू लागला.

"जुनी असंल," तो म्हणाला.

लक्ष्मम्मानं पायानं गवत बाजूला केलं. दहा पावलांवर दुसरी. तिच्यापुढं तिसरी. रांग थेट माळाच्या कडेपर्यंत गेली होती.

बिभीषणचा आवाज खाली आला. "आजी, हितनंबी उठवतील की यास्नी. कशाला फिरवायचा?"

तिनं खाली बसून गाठोडं परत मांडीवर घेतलं.

"खांद," ती म्हणाली. "आन् शेजारी माझ्यापुरती जागा सोड. पाय उगवतीलाच."

तिकडं हायवेच्या अंगाला मशीन सुरू झालं होतं.