वाळूतली बाहुली

दवाखान्यातल्या खेळाच्या खोलीत बसणाऱ्या बाईंना सगळे खेळताई म्हणत. वीस वर्षं बालवाडीत शिकवल्यावर त्या मुलांवर खेळातून उपचार करायला शिकल्या होत्या. घराला आग लागल्यापासून बोलणं बंद झालेली पाच वर्षांची एक मुलगी दर बुधवारी त्यांच्याकडे येई आणि बाहुलीला वाळूत गाडून टाकी. ताई शेजारी बसून राहत, काही विचारत नसत.

"ताई, नुसतं खेळून काय होणार?" दोन महिन्यांनी मुलीच्या वडिलांनी विचारलं.

"तिच्या कलानं घेऊ या," ताई म्हणाल्या खऱ्या, पण त्यांच्याही मनात पाल चुकचुकत होती.

पुढच्या बुधवारी मुलीनं बाहुली गाडली, थोडा वेळ बघत राहिली आणि दोन्ही हातांनी वाळू उपसून तिला बाहेर काढलं.

"हिला पाणी द्या," ती म्हणाली. "हिच्या घशात धूर गेलाय."

ताईंनी खेळण्यातला रिकामा कप पुढे केला.

"खरं पाणी," मुलीनं बजावलं.

ताईंचा जीव भांड्यात पडला. त्या बाहेर आल्या तर लेकीचा आवाज ऐकून वडील भिंतीला टेकून रडत होते.

"रडा नंतर," ताई डोळे पुसत म्हणाल्या. "आधी पेलाभर पाणी आणा, बाहुली खोळंबलीय."