दादाचा ओरिजिनल सायलेन्सर

जुन्या गाडीच्या सायलेन्सरचा विषय निघाला की मी जरा जास्तच बोलते, असं घरातले म्हणतात. म्हणू देत. मला त्या गोष्टीचा अजून राग येतो आणि तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही.

आमचं गाव अमरावतीहून अकोल्याला जाताना मूर्तिजापूरच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत. शेतकऱ्यांच्या बातम्या रोज पेपरात यायच्या, ती वर्षं. कापसाला भाव नव्हता, विहिरीला पाणी नव्हतं, आणि पुण्या-मुंबईची माणसं येऊन भेगाळलेल्या जमिनीचे फोटो काढून न्यायची. त्यातच बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. आई आधीच गेलेली. मोठा भाऊ, आमचा दादा, पुण्यात चांगल्या हुद्द्यावर. मी नवऱ्याचं घर सोडून आलेली, म्हणजे सगळ्यांच्या सोयीचीच होते.

दर आठवड्याला बाबांना अकोल्याला न्यायचं, तिथे डॉक्टर हातापायाचे व्यायाम करून घ्यायचे. एस.टी. किंवा काळी-पिवळी जीपमध्ये त्यांना चढवणं शक्य नव्हतं. एकदा प्रयत्न केला, तर अनोळखी माणसांनी काखेत हात घालून ओढल्यावर बाबा लहान मुलासारखे रडले. भाड्याची गाडी दर आठवड्याला परवडावी असे ते दिवस नव्हते. पण बाबांची जुनी मोटार होती. तिचं मागचं सीट एवढं रुंद की माणूस आडवा झोपावा. मी चालवायची. बाई गाडी चालवते म्हणून पारावरची मंडळी आधी हसली, मग मी त्यांच्याच सुनांना बाळंतपणाला पोचवून आल्यावर गप्प झाली.

व्यायामांनी बाबांची बोटं हळूहळू मिटायला लागली. मग हात छातीपर्यंत यायला लागला. डॉक्टर म्हणाले, आता खंड पाडू नका, जे परत यायचं ते याच काही महिन्यांत येईल, नंतर नाही.

त्या मोटारीचं मूळ इंजिन लहान होतं, पंधराशेचं. कापसाच्या बऱ्या वर्षांत ते निकामी झालं, तेव्हा बाबांनी अकोल्याच्या भंगारातून त्याच गाडीच्या पुढच्या मॉडेलचं अठराशेचं इंजिन आणून बसवलं. मग सायलेन्सर जुळेना. मोठ्या इंजिनाला धूर जास्त, त्याला मोठ्या तोंडाचा पाइप हवा. पण पाइप टांगायच्या गाडीखालच्या कड्या जुन्या मापाच्या. बाबा आणि अकोल्याचे एक मिस्त्रीचाचा भंगाराच्या गल्ल्या धुंडाळत फिरले. मीही असायची, कारण पाइपाचं माप माझ्या हातातल्या बांगडीनं घ्यायचं: पाइपाच्या तोंडात अडून बसली तर आमच्या कामाचा, सैल पडली तर ट्रकचा. शेवटी इंजिनाकडचा पाइप मोठ्या गाडीचा, मधला डबा आमच्याच जुन्या गाडीचा, शेपटीचा पाइप डिझेल गाडीचा, आणि सांध्यांना चाचांनी वळवून डागलेल्या पत्र्याच्या कॉलर, असं सगळं जुळलं. दिसायला भिकार, पण गाडी लोण्यासारखी चालायची.

अशात दादा आला. पुण्यात त्याच्या ओळखीच्या लोकांनी जुन्या मोटारींची फेरी काढायचं ठरवलं होतं, शेतकऱ्यांच्या दुःखाकडे लक्ष वेधायला म्हणून. त्यात वऱ्हाडातल्या एका शेतकऱ्याची खरी गाडी असली तर बहार येईल, असं त्याच्या डोक्यात आलं. शेतकऱ्याला त्या गाडीतून कुठे जायचं असतं, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

त्याने गाडीखाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "अगं, ही खालून गाडी नाहीच, खिचडी आहे. मी या मॉडेलचा सायलेन्सरचा ओरिजिनल सेट मिळवलाय, तो बसवू."

मी म्हटलं, "दादा, तो लहान इंजिनाचा हाये. बॉनेट उघडून पाह्य ना, आत मोठं बसलं हाये. त्याले तो पाइप कसा पुरन?"

"बॉनेट बंदच असतं. फेरीत बक्षीस देणारे परीक्षक सायलेन्सर बघतात. तुला काय कळतंय त्यातलं?"

मला एवढंच कळत होतं की बाबांना मंगळवारी अकोल्याला न्यायचंय. तसं मी बोललेही. त्यावर, एका दिवसाचं तर काम आहे, असं म्हणून तो गाडी घेऊन चाचांकडे गेला.

चाचांनीच स्वतःच्या हाताने डागलेले सांधे गॅसने कापले. जुन्या पाइपांचे तुकडे झाले आणि संध्याकाळच्या भंगाराच्या ट्रकमधून ते जालन्याच्या लोखंड वितळवायच्या भट्ट्यांकडे गेले. नव्या पाइपाच्या पट्टीची भोकं इंजिनाच्या बोल्टांवर बसेनात, तर ती घासून लांबट केली आणि मध्ये जाड पॅकिंग कोंबलं. असा पाइप चालणार नाही हे ठाऊक नव्हतं का, असं मी नंतर विचारलं, तर चाचा खाली बघत म्हणाले, "मालूम था बेटा. पर तेरे भाईसाब पुने से आए, बडे लोग. त्याइले काहून नाराज करावं?" दादाने फेरीच्या फलकावर त्यांच्या गॅरेजचं नाव लावायचं कबूल केलं होतं, हे मला मागाहून कळलं.

मंगळवारी बाबांना मागे झोपवून मी निघाले. हमरस्त्याला लागेपर्यंत इंजिन तापलं, चढावर गुदमरून बंद पडलं. अरुंद पाइपातून न जाणारा धूर पॅकिंग जाळून बाहेर आला आणि फटींतून आत शिरला. मागे बाबा खोकायला लागले. खोकून खोकून त्यांचे ओठ निळसर झाले, तेव्हा मी त्यांना रस्त्याकडेला बाभळीखाली उतरवलं आणि एका ट्रॅक्टरवाल्याला हात केला.

त्यानंतर मी अकोल्याचा भंगारबाजार पुन्हा पालथा घातला. तसा पाइप मिळाला नाही. पुण्याला परतलेल्या दादाला फोन केला की दुसऱ्या गाडीची काही सोय कर. तो म्हणाला, बघतो. तो बघतच राहिला, आणि दरम्यान त्याने ट्रक पाठवून मोटार पुण्याला मागवून घेतली. फेरीत तिला धड चालायचं नव्हतंच, नुसतं मिरवायचं होतं.

बाबा घरी खाटेवर. डॉक्टरांनी शिकवलेले व्यायाम मी करून घ्यायची, पण माझ्या हाताला ते जमत नव्हते. छातीपर्यंत येणारा हात पोटापर्यंत यायला लागला, मग चादरीवरच राहिला. कसंबसं अकोल्याला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता एवढंच. दादाला मी हेही कळवलं. वाईट वाटलं म्हणाला.

फेरी झाल्यावर त्याचा फोन आला. बाबांना दे म्हणाला. मी फोन त्यांच्या कानाला धरला. दादा नेहमीच मोठ्याने बोलतो, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. गाडीला बक्षीस मिळालं होतं. लोकांनी गाडीला हात लावून फोटो काढले, काहींच्या डोळ्यांत पाणी आलं, असं तो सांगत होता. मग म्हणाला, "बाबा, गाडी परत कधी पाठवू?"

बाबांची जीभ जड झाली होती, शब्द यायला वेळ लागायचा. तोवर मला वाटलं, आता तरी ते त्याला चार शब्द सुनावतील.

"राहू दे तुयापाशीच," ते म्हणाले. "मले आता कुठी जायचं हाये?"

 पलीकडून दादा म्हणाला, "थँक यू, बाबा."