वखारीसमोरच्या चुन्याच्या फुल्या

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीत शिकले तेवढंच, तेव्हा कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. हे फौजदार म्हणून निवृत्त झाले, पण लिहायला बसत नाहीत. निपाणीतली ती केस मात्र अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून मीच लिहिते. नावं कुणाची घालत नाही.

बेचाळीसच्या चळवळीचे दिवस होते. एका सकाळी तंबाखूच्या वखारीचे दिवाणजी ठाण्यात खबर घेऊन आले. वखारीसमोर, तारेच्या खांबाजवळ, कुणीतरी चुन्याच्या फुल्या मारल्या आहेत. त्याच आठवड्यात तिथली तार कुणी तोडली होती, तेव्हा फुल्या म्हणजे त्यांचीच खूण, असं ठाण्यानं धरलं. दुपारपर्यंत फुल्या मारणारा कोठडीत होता. तिशीतला फोटोग्राफर, बेळगावच्या खडेबाजारात राहणारा.

आमची खोली ठाण्याला लागून होती. फौजदाराच्या बायकोकडे कुणी बसायला येत नसे. ठाण्याकडची खिडकी हीच माझी शेजारीण. तिथून हवालदारांची चौकशी ऐकू येत होती.

"फुल्या कशापायी मारल्यास रं?"

"साहेब, तंबाखूचं गाव वाढत हुतं तवा वडलांनी फोटो काढल्यात. ते उभं ऱ्हायले तिथंच मी ऱ्हातो आन् आताचं काढतो. क्यामेऱ्याच्या तिपाईची जागा हुकू नये म्हणून फुली."

"आन् ह्याचं पैसं कोण देतंय?"

"कुणीबी न्हाय. बायको पण रोज ह्येच इचारती."

हवालदार हसले, पण त्याला सोडलं नाही.

तेव्हा फोटो काचेवर निघत; नव्या फोटोंच्या काचा पेटीत होत्या, अजून धुतलेल्या नव्हत्या. पंचनाम्यात प्रत्येक वस्तू पंचांना उघडून दाखवायची हा नियम. हवालदारांनी पेटी अंगणात उन्हात नेली. "उघडू नगासा!" म्हणून तो ओरडला, तसा संशय वाढला आणि काचा एकेक करून उघडल्या गेल्या. ऊन लागून सगळ्या वाया गेल्या. त्याच्या बाजूचा पुरावा ठाण्यानंच पुसला होता.

उरले वडिलांचे जुने कागदी फोटो. वखारीच्या जागेचा म्हणून त्यानं जो दाखवला, त्यात वखार नव्हतीच, एक बोळ होता. तो कुणी ओळखेना. "ह्यो निपाणीचा न्हायच," हवालदार म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्याला मामलेदारांपुढे उभं करायचं होतं. तार तोडणाऱ्यांचा साथीदार ठरला असता, तर कैक वर्षं आत गेला असता.

जेवताना ह्यांनी तो फोटो ताटाशेजारी ठेवला. मी भाकरी वाढायला वाकले आणि वाकलेलीच राहिले.

"अवो, ह्यो आमचा बोळ."

"कुठला गं?"

"माझा जन्म झाला त्यो. ही डोणी बघा, जनावरं पाणी प्यायची. कोपरा फुटलाय. अजून वखारीच्या भिंतीला हाय."

मी लहान असताना मानमोडीच्या तापाची साथ आली, घरोघरी माणसं गेली आणि तो बोळ रिकामा झाला. मला मामानं शहापूरला नेलं. मागे त्याच जागी वखार उठली. ह्यांची निपाणीला बदली झाल्यावर मी तिकडं एकदाच गेले होते.

हे उजाडताच जाऊन फोटो हातात धरून फुलीवर उभे राहिले. डोणी होती. मागची टेकडी फोटोतल्या टेकडीशी जुळली. परत येऊन म्हणाले, "बायकोनं ओळखला म्हटलं तर मामलेदार हसतील. त्या बोळातलं आणिक कोण हाय?"

"कोणबी न्हाय."

"मग तुलाच यावं लागंल."

परक्या पुरुषापुढे मी कधी मान वर केली नव्हती. कचेरीत कारकून जबाब लिहू लागला. "नवऱ्याचं नाव?" मी गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. मामलेदार म्हणाले, "फौजदार, तुम्हीच सांगा, नाहीतर बाई इथंच संध्याकाळ करतील."

मग फोटो पुढे ठेवला. मी खालीच बघत एकेक दार सांगत गेले. तिसऱ्या दारात तंबाखूच्या शिरा काढत बसलेल्या बाईचे हात हलल्यामुळे पुसट आले होते.

"ही कोण, खात्रीनं सांगाल?"

"माझी आई हाय, रावसाहेब."

मामलेदारांनी टाक खाली ठेवला. संध्याकाळी तो सुटला.

हे पुढे म्हणत, फुल्या खऱ्या होत्या, अर्थ आमच्या मनातला होता. त्यानंतर कुणाचीही पेटी उघडण्याआधी हे मालकाला आत काय आहे ते विचारत.

जाताना तो आमच्या दाराशी आला. "आक्का, ह्यातल्या माणसांची नावं सांगता? फोटोमागं लिवतो."

मी सांगितली. सगळी गेलेली माणसं.

"आन् तुमचं?"

"मी ह्यात न्हाय. कुठंतरी खेळायला गेलती आसंन."

"तरी सांगा."

मी लग्नातलं नाव नाही, आईनं ठेवलेलं सांगितलं. त्या नावानं हाक मारणारं गावात कुणी उरलं नव्हतं. त्यानं ते आईच्या नावाखाली लिहिलं, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, आणि रिकामी पेटी उचलून बेळगावच्या मोटारीकडे गेला.